दुपारी चारचं ग्रहण

११ नोव्हेंबर, सोमवार

इवालूने पाठवलेली ही वही सप्टेंबरपासून शिवणाच्या पेटीवर पडून होती. पहिल्या पानावर तिने लिहिलंय, "आई, नूकला येण्याआधी तुझ्या आठवणी यात लिहून काढ." येण्याआधी! जसं काही सगळं ठरूनच गेलंय. लेक लहानपणापासून अशीच. आधी भांडं चुलीवर ठेवायचं आणि मग विचारायचं, घरात मांस आहे का म्हणून.

तिकडे राजधानीत तिच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होताहेत. दवाखाना समोर, दुकान शेजारी, शिवाय लिफ्ट. तळमजल्याला लिफ्ट कशाला लागते ते मी विचारलं नाही. ऑक्टोबरात मावळलेला सूर्य फेब्रुवारीत परत येईपर्यंत आम्ही हो की नाही ते सांगायचंय. माझ्या नवऱ्याने, इनुतेकने, तिला तेव्हाच फोनवर सुनावलं, "मी कुत्री हाकतोय तोवर कानाक गाव सोडणार नाही. ज्या दिवशी हाकता येणार नाहीत त्या दिवशी ये आणि पोत्यात घालून ने." नूकला स्लेजची कुत्री नेऊ देत नाहीत, तसा कायदाच आहे. म्हणजे अकराच्या अकरा इथे कुणाकुणाला देऊन टाकायची आणि जी कुणी घेणार नाही ती गोळी घालून मारायची. इनुतेक सत्तर वर्षांचा आहे, पहिलं पिल्लू त्याला सातव्या वर्षी मिळालं होतं. माझं म्हणाल तर मलाही जायचं नाही. कुत्र्यांची गाडी चालतेय तोवर आम्हाला कुणी हलवू शकत नाही.

पण आज वही उघडली ती यासाठी नाही. आज वीस वर्षांनी नवऱ्याने मला गाडीवर घेतलं.

सकाळी कॉफी पिताना म्हणाला, "सीलची जाळी बघायला चाललोय. येतेस?"

मला वाटलं, ताप आलाय. "मी? कशाला?"

"एकट्याला कंटाळा येतो."

वीस वर्षं एकटा जाणारा माणूस, आणि आज याला कंटाळा येतो! मी पेटीतून जुना कोल्ह्याच्या कातड्याचा अंगरखा काढला. तो बटणापाशी बसेना, म्हणून वरून दोरी बांधली. चंद्राचे दिवस आहेत, तो मावळत नाही, दिवसरात्र गावाभोवती फिरत राहतो. बर्फावर आमची सावली पडत होती. इनुतेक म्हणाला, "पुढे काय काय दिसतंय ते सांग ना. तू छान सांगतेस." मग काय, मी सुरूच झाले. डावीकडे बर्फाचा उंचवटा, त्याच्या अंगाला वाऱ्याने केलेल्या रेघा, पुढे आमचा भाचा नुका, त्याच्या गाडीच्या खुणा. तो मान डोलवत ऐकत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर माझं इतकं कुणी ऐकलेलं नाही. मला वाटायचं, मरण्याआधी एकदा तरी पुन्हा गाडीवर बसावं. तर येताना म्हणतो, "गुरुवारी पण ये." आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी माझी गत झाली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा गेलो. एक सील मिळाला. परत येताना बेबियानेने खिडकीतून बघितलं आणि संध्याकाळी मुद्दाम पीठ मागायला आली. ती इनुतेकची चुलत बहीण, त्यामुळे जिभेला लगाम नाही.

"काय गं तुकुम्मेक, म्हातारचळ लागलाय का माझ्या भावाला? बायकोला मांडीशी घेऊन फिरतोय!"

"तुझ्या पोटात का दुखतंय? तुझ्या म्हाताऱ्याला सांग."

"त्याला थडग्यातून उठवू होय?" असं म्हणून ती इतकी हसली की पीठ सांडलं.

२ डिसेंबर, सोमवार

चंद्र नाही. हात समोर धरला तरी दिसत नाही, तरी आम्ही गेलो. अशा काळोखात सगळ्यांचं सारखंच. कुत्र्यांना वाट माहीत असते आणि माणसाने त्यांच्यावर सोडून द्यायचं.

इनुतेकचे हात बघत राहावंसं वाटतं. लोखंडी टोकाच्या काठीने बर्फ ठोकतो, आवाज ऐकतो, पाऊल पुढे टाकतो. हल्ली पूर्वीपेक्षा जास्त ठोकतो. वय झालं की माणूस सावध होतोच. जाळ्याच्या भोकावरचं नवं बर्फ फोडून हातमोजे काढले आणि जाळं हाताने चाचपत वर घेतलं, कंदिलाकडे बघितलंसुद्धा नाही. मी कंदील धरून उगाच उभी.

नुकाने यंदा त्याची जाळी आमच्या जाळ्यांना खेटून लावली आहेत. समुद्राची अख्खी खाडी, एवढा मोठा फ्योर्ड पडलाय आणि बेबियानेच्या लेकाला हीच जागा सापडली. वर त्याचा कंदील तिथेच जळत राहिलेला, आमच्या वाटेवर. तीस वर्षांचा घोडा, पण विसराळू. रॉकेल काय फुकट येतं? मी घरी जाऊन बोलणार होते, पण इनुतेक म्हणाला, "असू दे. चांगला पोरगा आहे."

२७ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ झाला. किवियाक यंदा छान मुरलं होतं, सीलच्या कातड्याच्या पोत्यात मुरवलेले पक्षी संपूनसुद्धा गेले. इवालूचं कार्ड आलं, आत त्या तळमजल्याच्या खोल्यांचा फोटो. भिंती पांढऱ्या.

सगळी कार्डं इनुतेकने मला मोठ्याने वाचायला लावली, काही तर दोनदा. म्हणाला, "तुझा वाचायचा आवाज अजून तसाच आहे."

मी लाजले. या वयात! माझ्या माहेरी, सिओराकला, शाळेच्याच खोलीत प्रार्थना व्हायची. पाद्री महिन्यातून एकदा यायचा, बाकी रविवारी मी वाचायचे, कारण माझे उच्चार साफ होते. इनुतेक दोन दिवसांची वाट तुडवून यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. मला वाटायचं, किती भाविक शिकारी. लग्नानंतर कळलं की त्याला एक अक्षर आठवत नव्हतं. "मी कुठे ऐकत होतो? मी आवाज ऐकत होतो." आठ घरं होती तेव्हा तिथे. आता एकातही कुणी नाही, छपरं वाऱ्याने नेली. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे, ओले मोजे आणि मेणबत्ती.

कोरीवकाम मात्र त्याने सोडलंय. वॉलरसच्या दाताचा अर्धा झालेला पक्षी ऑगस्टपासून कपाटावर आहे. विचारलं तर म्हणतो, हात थरथरतो. माझ्या हातात कप देताना थरथरत नाही. आळस, दुसरं काय.

६ जानेवारी, सोमवार

दर सहा जानेवारीचे मुखवटेवाले येऊन गेले. यंदा तीन टोळ्या. पोटाला उशा, तोंडाला सीलचं कातडं, पायांत उलटे बूट, आणि तोंडातून शब्द नाही. ओळखल्याशिवाय मुखवटा काढायचा नाही हा नियम.

इनुतेक म्हणजे या खेळातला वस्ताद. नुसत्या चालीवरून सांगायचा, बोटांवरून सांगायचा. लोक त्याला चकवायला एकमेकांचे बूट घालून यायचे. यंदा शेगडीजवळच्या बाकावरून उठलाच नाही. "तू ओळख, मी बघतो," म्हणाला. मी चार ओळखले. मग एक बुटका मुखवटेवाला त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून नाचला, वाकून तोंडासमोर तोंड नेलं. बराच वेळ. सगळं घर खो खो हसत होतं, कारण ती बेबियाने आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

इनुतेक म्हणाला, "पाद्रीबुवा."

केवढा हशा! पाद्री सहा फुटांचा आहे. इनुतेकही हसला. बेबियानेने मुखवटा काढला, पण ती हसत नव्हती. तिने त्याच्या गालावर हात ठेवला, मग म्हणाली, "जाते, कॉफी नको." कॉफी नको असं बेबियाने आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली असेल. पाद्रीशी तुलना केली म्हणून राग आला असावा.

८ जानेवारी, बुधवार

टोर्बेन मास्तर घरी आला होता. डॅनिश आहे, शाळेत गणित शिकवतो, दोन वर्षांत आपली भाषा बरी उचललीय. पण बोलताना असा जपून शब्द टाकतो, जणू कोवळ्या बर्फावरून चाललाय.

"परवा चंद्रग्रहण आहे," म्हणाला. "दुपारी दोनला लागेल, चार वाजून दहा मिनिटांनी मध्य. मला फोटो घ्यायचेत. पण त्या वेळी चंद्र गावामागच्या डोंगराआड असतो. फ्योर्डवर बरंच आत गेलं तर डोंगराच्या वर दिसेल. इनुतेक, तुम्ही न्याल का?"

"नुकाला विचार," इनुतेक म्हणाला.

"नुका म्हणाला, तुम्हाला विचार. फ्योर्ड तुमच्याइतका कुणाला माहीत नाही म्हणाला."

इनुतेक माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "तू येशील?"

मी कधी नाही म्हणणार! मास्तर सांगत होता, हे साधं ग्रहण नाही, छायाकल्प आहे. चंद्र सावलीच्या आत शिरत नाही, कडेकडेने निसटतो. जरासा मळकट होतो, एवढंच. कित्येकांना कळतही नाही.

"मग बघायचं काय त्यात?" मी विचारलं.

"तेच," असं म्हणून हसला बिचारा.

तो गेल्यावर आम्ही दोघं सिओराकच्या ग्रहणाबद्दल बोलत बसलो. ब्याऐंशी साल, महिना हाच जानेवारी, दुपारच असेल. लग्नाला पुरतं वर्ष झालं नव्हतं. चंद्र हळूहळू खाल्ला गेला आणि मग ताज्या काळजासारखा लाल झाला. माझी आजी अजून होती. तिने सगळी भांडी पालथी घातली, मांस फळीखाली लपवलं. ग्रहणात चंद्र, म्हणजे सूर्यबहिणीचा भाऊ, खाली उतरतो आणि घराघरांत डोकावून बघतो कुणी काय साठवलंय, असं तिचं म्हणणं. त्याला पळवायला पुरुषांनी छपरावर चढून डबे वाजवायचे. पाद्री काय म्हणेल म्हणून बाकीचे पुरुष लाजत होते. इनुतेक एकटा कॉफीची किटली घेऊन वर चढला आणि अशी बडवली की तिला पोचे पडले. चंद्र परत पांढरा झाल्यावर आजी म्हणाली, "पोरगी चांगल्या हातात पडली." तो खाली उतरला, मला गाडीवर घातलं आणि आम्ही दोघंच बर्फावर लांब गेलो. कुठे गेलो ते इथे लिहायची गरज नाही. वही इवालूच्या हाती पडायची आहे.

"काय रंग होता तो," इनुतेक म्हणाला. "डोळे मिटले की अजून दिसतो."

१० जानेवारी, शुक्रवार

घरी आलो. सगळे धडधाकट आहेत. आता लिहवत नाही.

११ जानेवारी, शनिवार

काल दोनला निघालो. उणे अठ्ठावीस. इनुतेक पुढे, त्याच्या खांद्याला लागून मी, मागे टोर्बेन कॅमेऱ्याची तिकाटणी तान्ह्या मुलासारखी मांडीवर धरून. गाव डोंगराच्या सावलीत होतं. जसजसे आत गेलो तसतसा डोंगर खाली बसत गेला आणि तासाभराने चंद्र त्याच्यावर निघाला. मी नेहमीसारखी बोलत होते, इनुतेक नेहमीसारखा ऐकत होता. मी फार खूश होते हे लिहून ठेवते.

यंदा फ्योर्डमध्ये एक मोठा हिमनग अडकलाय, त्याच्या अलीकडे थांबलो. मास्तरने तिकाटणी रोवली, चाळीस वेळा घड्याळ बघितलं. चार वाजले. चार वाजून दहा झाले.

"खालची कड बघा," मास्तर म्हणाला. "दिसतंय का?"

चष्मा काढला, त्यावरचं बर्फ पुसलं, पुन्हा घातला. खालच्या अंगाला काजळीचं बोट लागून पुसल्यासारखं काहीतरी होतं. असेल, नसेल.

"मला वाटतं, दिसतंय," मास्तर म्हणाला.

मला वाटतं! एवढ्यासाठी आमच्या नाकांचा बर्फ झाला होता. मला खोडी काढावीशी वाटली. आम्ही दोघं तरुणपणी फार खोड्या काढायचो. मास्तरला कळू नये म्हणून भराभर बोलले, "अरे इनुतेक, अर्धा गेला की रे! लालभडक झालाय बघ, अगदी सिओराकला होता तसा!"

आता तो म्हणणार, "म्हातारे, चष्मा पूस." मी वाट बघत होते.

तो हळू म्हणाला, "हो गं. अगदी तसाच."

मी हसले. म्हटलं, माझ्यावर कडी करतोय.

"मास्तरला सांग," तो म्हणाला, "भराभर फोटो घे म्हणावं. लाल फार वेळ टिकत नाही."

खोटं बोलताना त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात हसू येतं, चाळीस वर्षांत कधी लपलेलं नाही. ते बघायला म्हणून मी वळले. तो हसत नव्हता. टोपी मागे सारली होती, गालांवर पाणी गोठलेलं होतं, आणि त्याचं तोंड उजवीकडे होतं, चांदण्यात चमकणाऱ्या हिमनगाकडे. चंद्र त्याच्या डाव्या कानामागे होता.

मास्तर पलीकडे कॅमेऱ्यात डोकं घालून होता. नोव्हेंबरपासूनचा एकेक दिवस डोळ्यांसमोरून गेला. सांग ना, तू छान सांगतेस. वाच ना, तुझा आवाज चांगला आहे. पाद्रीबुवा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी कातड्यावरचा एक टाका चुकला तर कंदिलाशिवाय ओळखते आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाचं मला कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात असते तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. इथे ऑक्टोबरपासून सगळेच चाचपडत चालतात, त्यात कोण दिसतंय म्हणून चालतोय आणि कोण नाही, कसं कळणार?

परतीच्या वाटेवर मी पुन्हा बोलत होते. डावीकडे उंचवटा. समोर सपाट. उजवीकडे काळं आहे, पाणी असेल, डावीकडे घे. दोन महिने ज्या गप्पा होत्या त्याच, फक्त काल माझे दात वाजत होते. किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीची भेग आहे. मी सांगायच्या आत त्याने गाडी थांबवली, काठी ठोकली, आवाज ऐकला, चार पावलं बाजूला जाऊन पुन्हा ठोकली आणि बरोबर अरुंद जागेवरून आम्हाला पार नेलं. नुकानेही याहून चांगलं केलं नसतं.

मास्तर उतरताना म्हणाला, "मला निम्मंच कळलं, पण तुम्ही वाटेचं किती सुंदर वर्णन करता!"

शरम वाटली. दुसऱ्याच्या लेकराला आम्ही तिथे नेलं होतं.

इनुतेकने कुत्र्यांना खायला घातलं. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून नाव घेतलं. मी अंधारात उभी राहून मोजत होते. अकराही नावं बरोबर.

१२ जानेवारी, रविवार

प्रार्थनेहून आलो. त्याने बूट काढले, चहा मागितला. मी चहा न देता समोर बसले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"इनुतेक, परवा तू हिमनगाकडे बघत होतास."

त्याने काढलेले बूट चाचपून नीट लावले. मग म्हणाला, "हिमनग होता होय. तरीच म्हटलं, चंद्र इतका खाली कसा."

हसू आलं आणि त्याचाच राग आला. "आणि लाल कुठून दिसला तुला?"

"तू म्हणालीस लाल. मग मला दिसला."

उन्हाळ्यापासून, म्हणाला. आधी उजवा, मग डावा. उजेड कळतो, हलणारं कळतं, कडा कळत नाहीत. माझं तोंड दिसतं का, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू इवालूला सांगितलं असतंस. तिने डॉक्टरला. डॉक्टरने कागद केला असता. मग बंदूक जाते, मग कुत्री, मग पांढऱ्या भिंती. मला एक काळोख तरी पुरा हवा होता."

मग माझ्या तोंडून ते निघालं. दोन दिवस मनात ठेवलेलं. "म्हणजे मला गाडीवर घेत होतास ते डोळ्यांसाठी. आणि मी मूर्ख बाई, पेटीतून अंगरखा काढून नटत होते. बेबियानेपुढे मिरवत होते. मला वाटलं..." रडलेच. बासष्ट वर्षांची बाई, सोळा वर्षांच्या पोरीसारखी.

तो उठला, टेबलाच्या कडेला हात लावत आला आणि जवळ बसला.

"डोळेच हवे असते तर नुकाला नेलं असतं," म्हणाला. "तीस वर्षांचा आहे, त्याला फ्योर्डच्या पलीकडचा सील दिसतो. तुझ्या चष्म्यावर तर अर्धा वेळ बर्फच असतं. दोनदा मला उंचवट्यावर घातलंस तू."

"कधी?"

"डिसेंबरात. सपाट आहे म्हणालीस."

मी चहा केला. त्याच्या कपात साखर जास्त पडली. बोलणं इतकंच झालं की यापुढे गाडीवर तिसऱ्या माणसाला घ्यायचं नाही, आणि सूर्य आला की तो स्वतः इवालूला सांगणार. "उजेडात लपायचं कसं? पहिल्याच दिवशी सगळं गाव बघेल. तोवर मात्र गप्प बस."

हे बरोबर आहे का, मला माहीत नाही. भेगेत गेलो तर लेक मला कधी माफ करणार नाही. आणि तिच्या जागी मी असते तर मीही केलं नसतं.

१९ जानेवारी, रविवार

इवालूचा फोन. "बाबा अजून कुत्री हाकतात?"

"हाकतो. मी बरोबर असते. माझ्या डोळ्यांनी बघते."

"खरं सांगतेस ना आई?"

"यात खोटं काय आहे?" खोटं काहीच नव्हतं, तरी कान तापले.

"तुझा आवाज वेगळा वाटतोय. थांब, मीच येते. एकोणीस फेब्रुवारीच्या विमानाने. उजेडही आलेला असेल, मग शांतपणे बसून काय ते ठरवू." मग म्हणाली, "आई, मी तुमच्या वाइटावर नाही गं." तिचा आवाज भरून आला होता. ती माझ्या वाइटावर नाही हे मला कळत नाही का? फोन ठेवून इनुतेकला तारीख सांगितली. त्याने मान हलवली आणि विचारलं, उद्या वारा कसा असेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वहीला बरेच दिवस हात लावला नाही, कारण रोज बाहेर असतो. जाळी बघायची नसली तरी जातो. कुत्र्यांना पळायला हवं, असं लोकांना सांगतो. इनुतेक चाबूक घेऊन पुढे बसतो, मी त्याच्या कानाशी. गावातून जाताना तो ताठ बसतो आणि मी ओठ न हलवता बोलते. आता सपाट म्हणते तेव्हा सपाटच असतं. मधूनच तो विचारतो, "आकाश कसं आहे?" ते सांगायला वेळ लागतो. दक्षिणेकडे बाराच्या सुमारास आता तांबूस रेघ येते, पलीकडचे कडे एकमेकांपासून सुटे दिसतात. काल मी त्याला त्या रेघेबद्दल सांगत होते आणि तो म्हणाला, "लवकर लवकर नको सांगू." मग आम्ही तिथेच थांबून थर्मासमधला चहा प्यालो. चाळीस वर्षांपूर्वी थांबायचो तसे, मत्ताकचा, देवमाशाच्या कातडीचा, तुकडा एकाच सुरीने कापत.

आज दुकानात सगळे बोटं मोजत होते. सूर्य यायला अकरा दिवस राहिले. शाळेतली मुलं गाणं बसवताहेत, बेबियानेने नवा अंगरखा शिवायला घेतलाय. मीही सगळ्यांबरोबर म्हटलं, अकरा, आता आलाच.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी उंचावर जायचं, टोपी आणि हातमोजे काढायचे, आणि सूर्याची कड दिसली की त्याच्याकडे तोंड करून ओरडायचं. कान गोठले तरी चालतात. बासष्ट वर्षांत मी एकदाही चुकले नाही, इवालू पोटात होती तेव्हासुद्धा चढून गेले होते. यंदाही जाईन. इनुतेकचा हात धरून जाईन आणि लोकांना बघायचं ते बघू देत. पण यंदा आयुष्यात पहिल्यांदाच वाटतंय, सूर्याने जरा उशिरा यावं. हे या गावात कुणाला बोलून दाखवता येणार नाही.

कुत्री जुंपून झाली. इनुतेक बाहेरून हाका मारतोय, निघते.